बारा पावलं

२९ ऑगस्ट

साक्षरता वर्गाच्या बाईंनी रोज पानभर लिहायला सांगितलंय. काय लिहू विचारलं, तर म्हणाल्या, जे कुणाला सांगता येत नाही ते लिहा, मी वही तपासणार नाही. बाई तरुण आहेत. पंचावन्न वर्षांत जे जे कुणाला सांगता आलं नाही, ते शंभर पानी वहीत मावेल असं त्यांना वाटतं.

आज हे गेले. हे म्हणजे इद्दर. तोंडाने नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण लिहायला कुणी मनाई केलेली नाही. इद्दर. बरं दिसतं. तरी पुढे ‘हे’ असंच लिहीन, हात तिकडेच वळतो.

ऑगस्ट संपला की हे पॅरिसजवळच्या मोटारींच्या कारखान्यात परत जातात. लग्नाला एकतीस वर्षं झाली, म्हणजे एकतीस ऑगस्ट. परवा मी बोटांवर हिशेब केला. सगळे मिळून अडीच वर्षांचा संसार.

पण हा ऑगस्ट शेवटचा. पुढच्या जूनमध्ये हे निवृत्त होणार, आणि तोवर आमचं घर उभं राहणार. स्वतःचं. वन्संच्या माजघराशेजारची ही दोन खोल्यांची वळचण सुटेल. सासऱ्यांनी आमच्या नावे केलेल्या तुकड्यावर काल ह्यांनी घर आखलं. कचेरीत दिलेला नकाशा निराळा, तो शिक्क्यापुरता. आमच्या डोंगरात घर जमिनीवर काढतात, चालून. ज्याचं घर त्याने चालायचं. हे हात मागे बांधून, मान ताठ ठेवून चालत होते आणि मी मागून चुन्याचा डबा घेऊन फक्की टाकत होते.

“पाहुण्यांची खोली बारा पावलं,” हे म्हणाले. “चाळीस माणसं टेकून बसली पाहिजेत, रकिया. बारा म्हणजे बारा.”

बारावं पाऊल बदामाच्या पलीकडे पडलं.

“हे झाड जाईल,” म्हणाले. “दुसरं लावू.”

लग्नाच्या वर्षी हे पहिल्यांदा गेले, त्याच आठवड्यात तो बदाम मी लावला होता. मी फक्कीची रेघ पुढे ओढली. बदाम तोडा म्हणणारा हा माणूस दर वर्षी त्याच बदामाचं, मध आणि तेल घालून वाटलेलं अमलू बरणीभर घेऊन जातो, आणि तिकडे सोबत्यांना बोटभरसुद्धा देत नाही.

ह्यांची दोन पावलं म्हणजे माझी तीन. नवी नवरी होते तेव्हा बाजाराच्या वाटेवर हे पुढे आणि मी मागे धावतेय, असंच. काल चुन्याचा डबा घेऊनसुद्धा धावतच होते. मनात किती वेळा आलं असेल, म्हणावं, जरा हळू चाला. कधी म्हटलं नाही. महिनाभरासाठी आलेल्या माणसाला काय शिकवायचं?

दर वर्षी ह्यांची बॅग भरताना मी एक गोष्ट बघते. ह्यांची चहाची किटली तिकडेच असते, त्या कामगारांच्या वसतिगृहात. येताना कधीच आणत नाहीत. ज्या वर्षी किटली येईल, त्या वर्षी माणूस आला समजायचं.

१४ सप्टेंबर

तुकड्यावर जाऊन आले. रेघा आहेत. वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण फदमा, म्हणाल्या, “रोज जाऊन काय बघतेस? चुना काय उगवणार आहे?” उगवत नाही, पण बघावंसं वाटतं. स्वयंपाकघराच्या रेघेत उभी राहिले. चूल कुठे, खिडकी कुठे, हे सगळं ठरवलं. मग पाहुण्यांच्या खोलीत जाऊन बसले. मी एकटी आणि चाळीस माणसांची जागा.

२२ नोव्हेंबर

तीन दिवस पाऊस. आमच्याकडे पडत नाही तर वर्ष वर्ष पडत नाही, आणि पडतो तेव्हा डोंगर धुऊन काढतो. आज उघडलं. तुकड्यावर गेले तर एक रेघ शिल्लक नाही. सगळं सपाट, मधे बदाम.

ह्यांना फोन केला. म्हणाले, “त्यात काय? पावलं लिहून दिलीत ना? गवंडी आले की मोजून घे.” कागद आहे माझ्याकडे, ह्यांच्याच अक्षरातला. पाहुण्यांची खोली बारा गुणिले पाच. स्वयंपाकघर सहा गुणिले चार. पूर्वी असा कागद वाचून घ्यायला मला वन्संच्या पाया पडावं लागे. आता मीच वाचते, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

३ डिसेंबर

मालेम बिही आले. पलीकडच्या खोऱ्यातले मोठे गवंडी; मालेम म्हणजे उस्ताद. बोलणं कमी, ओळंब्याला एक डोळा लावून भिंतीकडे बघतात तसंच माणसाकडेही बघतात. मी कागद दाखवला. ते म्हणाले, “मला वाचता येत नाही, लल्ला रकिया. चालून दाखवा.”

मी चालले. पूर्वेच्या बांधाला पाठ लावली आणि मोजत निघाले. ते मागून दोरी बांधत, खुंट्या ठोकत येत होते. बाराव्या पावलाला मी थांबले. बदाम पुढेच राहिला, चांगला पाच-सहा हात.

मालेमनी झाडाकडे पाहिलं, मग माझ्या चपलांकडे.

“बारा?”

“बारा.”

“कोणाची?”

“पावलं ती पावलं. बारा लिहिलंय ना कागदावर?”

“मी कुठे काय म्हणतो,” ते म्हणाले आणि शेवटची खुंटी ठोकली. ठोकताना पुटपुटले, “ज्याची पावलं त्याचं घर.” ही गवंड्यांची बोलायची रीतच आहे, तिकडे फार लक्ष देऊ नये.

आज भाकरी, ताक आणि सलगमाचं कालवण घेऊन गेले होते. मालेम जेवताना म्हणाले, “मीठ बरोबर आहे.” त्यांच्याकडून एवढंच म्हणजे खूप.

१९ डिसेंबर

पाया भरला. उंबऱ्याच्या जागी कोंबडा कापला, चार कोपऱ्यांत दूध शिंपडलं. वन्सं कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. “ही पाहुण्यांची खोली की कोंबड्यांची?” म्हणाल्या. मी म्हटलं, पाया नेहमी लहानच दिसतो, भिंती आल्या की मोठं दिसतं. हे मी मालेमच्या तोंडून ऐकलंय. निदान तसं काहीतरी ते म्हणाले होते.

संध्याकाळी ह्यांना फोनवर सगळं सांगितलं. खूश होते. म्हणाले, “गालिचा बघून ठेवलाय, दहा मीटर. एकसंध. गावात कुणाकडे नाही.” मी म्हटलं, आधी छप्पर तर होऊ दे.

८ जानेवारी

ह्यांचा दहा दिवस फोन नाही. लावला की वाजतो, उचलत नाहीत. आज ह्यांच्या खोलीतल्या सोबत्याने, अबल्लाने, उचलला. म्हणाला, “वहिनी, तो कामावर आहे.” मी म्हटलं, रविवारी? म्हणाला, “जादा पाळी.” मग म्हणाला, “सर्दी झालीय, आवाज बसलाय.” सर्दी झालेला माणूस जादा पाळी करतो, हे मी पहिल्यांदा ऐकतेय.

वन्संना सांगायला नको होतं. सांगितलं. त्या म्हणाल्या, “माझी जीभ झडो, पण तिकडे इतकी वर्षं एकटा पुरुष. तू काय धरून बसलीस, तो भिंती बघत झोपतो?” त्यांची जीभ काही झडली नाही.

मी बदामाखाली जाऊन बसले. भिंती कमरेएवढ्या झाल्यात. मला फार एकटं वाटलं. एकतीस वर्षांची सवय असून वाटलं.

१४ जानेवारी

इन्नायर झालं. आमचं नवं वर्ष. केल्तुम अगादीरहून दोन दिवस आली होती, माझी एकुलती लेक. रितीप्रमाणे मक्याची लापशी केली आणि आत एक खजुराची बी लपवली. ज्याला सापडेल त्याचं वर्ष चांगलं. मला सापडली. केल्तुमला एवढा आनंद झाला की रडायलाच लागली. डोळे आधीपासूनच सुजलेले होते. नवऱ्याशी भांडण झालं असणार, विचारलं तर म्हणे सर्दी. या वर्षी सगळ्यांनाच सर्दी.

मग तुकड्यावर येऊन तिने मालेमना नाही नाही ते सांगायला सुरुवात केली. दारापुढे दोन पायऱ्या आहेत ना, त्या नकोत, तिथे उतार करा. झोपायची खोली वर माडीवर ठरली होती, ती खालीच करा. न्हाणीत भिंतीला लोखंडी कठडा बसवा, धरायला.

मी म्हटलं, “हे काय? मी काय म्हातारी झाले?”

“आई, अगादीरमध्ये आता सगळे असंच करतात. फॅशन आहे.”

“धरून न्हायची फॅशन?”

तिने तोंड फिरवलं. मालेमनी तिच्याकडे एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, “उतार करू. सळई लावू. पोरीचं ऐका, लल्ला.” शहरातल्या पोरींचं सगळ्यांनाच खरं वाटतं. मी ऐकलं, पण उतार ह्यांना आवडायचा नाही. घराला पायऱ्या हव्यात, त्याशिवाय ऐट नाही, हे त्यांचं म्हणणं.

२० जानेवारी

फोन आला. ह्यांचाच. पण बोलणं कसं, तोंडात खजूर धरून बोलावं तसं. शब्द एकेक करून येत होता. मी विचारलं, झोपेत आहात का? म्हणाले, “हो. झोपेत.” मग म्हणाले, “बदाम. फुलला का?”

इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, कळ्या आल्यात. तोंड दाखवा म्हटलं तर म्हणाले, फोनचा कॅमेरा बिघडलाय.

माणूस अचानक गोड बोलायला लागला की वन्सं काय म्हणतात ते मला माहीत आहे. म्हणून त्यांना सांगितलं नाही. इथे लिहिलं.

११ फेब्रुवारी

स्लॅब पडला. गावातले सगळे पुरुष आले, रांग लावली, घमेली हातोहात वर गेली. मेंढा कापला होता, बायकांनी सकाळपासून कुसकुस वाफवला. वर सिमेंट ओततायत, खाली बायका जिभा हलवून हलवून आनंदाचे हाकारे घालतायत, आणि मधेच वारा सुटला. बदाम नेमका भरात. पाकळ्या उडून ओल्या स्लॅबवर पडल्या. कुणीतरी झाडायला गेला तर मालेम म्हणाले, “राहू दे. सिमेंटला काही होत नाही.”

सगळं गाव होतं. फक्त ज्याचं घर तो नव्हता. लोक मलाच मुबारक म्हणत होते आणि मी मान हलवत होते, जणू काही मीच इद्दर.

२ मार्च

आता हे दर शुक्रवारी फोन करतात, नेमाने, पण दोन मिनिटं. पूर्वी तास तास चालायचं, विटेला वीट मोजून घ्यायचे. खिडक्यांना कोणता रंग, विचारलं. “तुला आवडेल तो.” फरशी कोणती? “तुला आवडेल ती.” एवढ्यात मी एकदा मुद्दाम म्हटलं, पाहुण्यांच्या खोलीला गुलाबी ठिपके काढतेय. म्हणाले, “छान.”

घरावरून ह्यांचं मन उडालंय. घरावरून उडालं म्हणजे इथून उडालं. उरलं काय?

१७ एप्रिल

फ्रान्सहून मालाची गाडी आली, टपावर सायकली, गाद्या, शिलाई मशीन आणि आमचा गालिचा. चौघांनी उचलून पाहुण्यांच्या खोलीत आणला. गिलावा झालाय, भिंती पांढऱ्या, खोली मला तरी मोठी दिसायची. गालिचा पूर्वेच्या भिंतीपासून उलगडत गेलो. लाल, काठाला निळी वेल. उलगडत पश्चिमेच्या भिंतीला टेकलो, तरी गुंडाळी हातभर जाड शिल्लक.

मग वन्सं म्हणाल्या, “मी कोंबड्यांची म्हटलं तर राग आला होता.”

माणसं गेल्यावर मालेमनी दोरी काढून मापलं. सात हात कमी.

“मोजताना माझं चुकलं म्हणायचं,” मी म्हणाले.

“भिंत ओळंब्यात आहे,” ते म्हणाले. “माझ्याकडून काही चुकलेलं नाही. तुमच्याकडून चुकलं की नाही, ते तुम्हाला माहीत.”

१८ एप्रिल

बाई म्हणाल्या होत्या, कुणाला सांगता येत नाही ते लिहा. लिहिते.

मला माहीत होतं. त्या दिवशी चालताना नवव्या पावलालाच कळलं होतं की ह्यांचं बारावं आणि माझं बारावं एक नाही. ह्यांची बारा म्हणजे माझी अठरा, हा हिशेब मला शाळेत जायच्या आधीपासून येतो. अठरा चालले असते तर बदाम जात होता. मी बारा चालले. कागदावर बारा होतं. कागद खोटा नाही, मीही खोटी नाही, असं मनाला सांगितलं आणि मनाने ऐकलं.

मी त्या झाडाशी बोलते. हे कुणालाच माहीत नाही. केल्तुमच्या वेळच्या कळा त्याच्याच बुंध्याला धरून काढल्या, दाई येईपर्यंत. हे तेव्हा कारखान्यात होते. आणि त्याच झाडासाठी मी ह्यांची खोली तोकडी केली. एकतीस वर्षं परक्या देशात लोखंड उचललेल्या माणसाला एकच खोली हवी होती, गावाने टेकून बसावं अशी. आता येतील, बघतील, आणि ऑगस्ट संपला की परत जातील. जायला कारण हवंच असलं तर मी आयतं हातात दिलंय.

२० एप्रिल

फोनवर सगळं सांगून टाकलं. खोली लहान झाली. माझ्या पावलांनी झाली. झाड वाचवायला झाली. एका दमात सांगितलं आणि ओरडा खायला कान तयार ठेवला.

मग म्हणाले, “असू दे.”

“असू दे म्हणजे? भिंत पाडून वाढवता येते. मालेम म्हणतात दोन आठवड्यांचं काम. झाड काढावं लागेल.”

“तू. म्हणशील तसं.”

एकदा, फक्त एकदा ओरडले असते तर मला झोप लागली असती. ‘बारा म्हणजे बारा’ म्हणणारा माणूस कुठे गेला? ज्याला यायचंय तो खोलीसाठी भांडतो. ज्याला यायचं नाही तो असू दे म्हणतो.

मी ठरवलंय. भिंत पाडायची, झाड काढायचं, खोली बारा पावलांची करायची, ह्यांच्या बारा. मग बघू काय कारण सांगतात.

२४ एप्रिल

मालेम कुऱ्हाड घेऊन आले. झाडाभोवती एक फेरी मारली, फांदी खाली ओढली. हिरवे बदाम लगडलेत, मऊ लव असलेले. कुऱ्हाड त्यांनी बुंध्याला टेकवून ठेवली.

“फळ धरलेलं झाड मी तोडत नाही.”

“मीच सांगतेय ना? माझंच झाड.”

“तुमचं असो की काझीचं. पोटुशी बाई आणि लगडलेलं झाड, दोघांच्या अंगाला हात लावायचा नाही. वडिलांनी शिकवलंय. बदाम उतरले की बोला, जुलैअखेर.”

“तोवर हे आले तर?”

“तर ते सांगतील काय करायचं ते. घर त्यांचं ना?”

मला त्यांचा राग आला आणि मी त्यांना ताक दिलं नाही. नंतर दिलं.

९ जून

दारं बसली, निळी. उतार झाला. न्हाणीत कठडा लागला, मी एकदा धरून बघितला, गार लागतो. खिडक्यांतून बदाम दिसतो. गालिच्याचा जादाचा भाग खाली दुमडलाय आणि वर बैठकीच्या गाद्या टाकल्यात. पायाखाली उंचवटा लागतो, पण बसणाऱ्याला कळणार नाही.

घर तयार आहे. मला त्यात झोपायला जावंसं वाटत नाही. पहिली रात्र एकटीने काढायची नाही, एवढं तरी.

१ जुलै

केल्तुमचा फोन. बाबा पाच तारखेला येतायत, विमानाने, ती आणायला जाणार. विमानाने? हे नेहमी गाडीने येतात, चार दिवस, दोन बोटी बदलल्यासारखे थकून. म्हटलं, ऑगस्टच्या आधीच कसे? “आई, निवृत्त झाले ना.” मग म्हणाली, “आई, तू घाबरू नकोस.” मी कशाला घाबरू? आपला नवरा येतोय. दिवसभर अमलू वाटत बसले. तेल दोनदा सांडलं.

५ जुलै

मी दारात होते, वन्सं शेजारी, दुधाचा पेला आणि खजुरांचं ताट घेऊन. गाडी थांबली. दार उघडलं आणि आधी एक काठी खाली आली. मला वाटलं, कुणा म्हाताऱ्याला वाटेत बसवून आणलंय. मग काठीमागून ह्यांचा बूट आला. उजवा. मग केल्तुमने वाकून डावा पाय उचलून खाली ठेवला.

हे उतारावरून वर आले. पायऱ्या असत्या तर आले नसते.

डिसेंबरच्या शेवटी कारखान्यातच पडले होते. डावी बाजू गेली होती, जीभ गेली होती, जीभ परत आली. अबल्लाला माहीत होतं, केल्तुमला माहीत होतं, मालेमना उताराच्या दिवशीच कळलं असणार. ह्यांनी सगळ्यांना शपथ घातली होती, रकियाला सांगायचं नाही, घर बांधतेय, हात थांबतील. आणि मी सहा महिने कुठल्यातरी न बघितलेल्या बाईशी मनातल्या मनात भांडत बसले. भांडणात मीच जिंकायचे बहुतेक वेळा.

वन्सं जन्मात पहिल्यांदा गप्प होत्या. त्यांनी भावाच्या तोंडाला दुधाचा पेला लावला, ओघळ स्वतःच्या पदराने पुसला आणि आत निघून गेल्या.

दोन बॅगा होत्या. मी दोन्ही उघडल्या. दुसरीत, सदऱ्यांमध्ये गुंडाळलेली, किटली होती. बूड काळं झालेली, झाकणाचा गोंडा तुटलेला. मी ती मांडीवर घेऊन बसले आणि मग रडले.

६ जुलै

सकाळी मालेम मुबारक म्हणायला आले. ह्यांच्याच किटलीतला चहा झाला. चहा संपला तसे हे काठीवर जोर देऊन उठले.

“मोजतो,” म्हणाले.

“आज नको. थकलायत तुम्ही.”

“ज्याचं घर. त्याने चालायचं.”

पूर्वेच्या भिंतीला पाठ लावली. हात मागे बांधायला गेले, एकच हात गेला, दुसरा लोंबत राहिला. मान मात्र तशीच ताठ केली. आणि निघाले. उजवा पाय पुढे, डावा ओढत त्याच्या जरा पुढे. एक. दोन. मोठ्याने मोजत होते. मी भिंतीशी उभी राहून पदर चावत होते. आठ-नऊ पावलांत भिंत येईल, मग वळून माझ्याकडे बघतील, मग मी काय सांगू? एप्रिलमध्ये सांगितलेलं ह्यांना आठवतंय की नाही, तेही मला माहीत नव्हतं.

नऊ झाली. भिंत अजून लांब होती. दहाव्याला थांबले, श्वास घेतला. मालेम अर्धे उठले होते, ते पुन्हा बसले. गालिच्याच्या उंचवट्यावर काठी अडली, हे बाजूने गेले. अकरा. बारा. काठीचं टोक भिंतीला लागलं.

“बारा,” हे म्हणाले. “मालेम. बरोबर बारा.”

मालेमनी माझ्याकडे पाहिलं नाही. “तुमच्याच पावलांचं घर आहे, सिदी इद्दर,” म्हणाले, आणि चहा संपलेला असून पेला पुन्हा तोंडाला लावला.

हे खिडकीपाशी टेकले. बाहेर बदामाच्या साली फुटायला लागल्यात. बराच वेळ बघत राहिले.

“हे झाड. मधे येत होतं ना?”

“नाही आलं,” मी म्हणाले.

“गालिचा मोठा. आणला मी.”

“दुमडलाय. काही होत नाही.”

ह्यांनी मान हलवली. त्यांना एप्रिलमधलं आठवतच नव्हतं, की आठवत असून ते मला दाखवत नव्हते, हे मला कळलं नाही. चेहऱ्याची एकच बाजू हसते आता, आणि ती बाजू खिडकीकडे होती.

उन्हं उतरल्यावर म्हणाले, झाडापर्यंत जाऊ. दारातून उतारावरून खाली, मग अंगणातून, मी हाताला धरून. अर्धं अंगण झाल्यावर माझ्या लक्षात आलं, मी मागे नाही. ह्यांचं एक पाऊल पडत होतं तेव्हा माझं एक पडत होतं. मी धावत नव्हते. बाजाराच्या वाटेवर, चुन्याचा डबा घेऊन, एकतीस वर्षं मी मनात म्हणत आले, जरा हळू चाला.

आज हे हळू चालले.